दर्शनी भागामागचे कानविंदे

स्वातंत्र्यानंतरच्या दिल्लीची वास्तुकला म्हटली की जोसेफ स्टाइन यांचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर, हबीब रहमान यांचे रवींद्र भवन, राज रेवाल यांची एशियाड वसाहत ही नावे लगेच ओठांवर येतात. अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा उल्लेखही आदराने होतो, पण बहुधा एका वाक्यात. कोकणातल्या आचऱ्याला 1916 साली जन्मलेला हा वास्तुविशारद 1947 पासून 2002 मध्ये निधन होईपर्यंत दिल्लीत राहून देशभरच्या संस्थांच्या इमारती उभारत होता. तरीही टपाल तिकिटावर शोभेल असे त्यांच्या इमारतीचे एखादे चित्र सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे येत नाही. माझ्या मते या उपेक्षेचे कारण आपल्या पाहण्याच्या सवयीत आहे. आपण इमारत समोरून पाहतो. कानविंदे यांनी मात्र आपली बुद्धी आराखड्यात, छेदात आणि खांबांच्या जाळ्यात खर्च केली. त्यांचे मोल ठरवायचे तर तिथे पाहावे लागेल.

त्यांच्या विचाराची घडण समजण्यासाठी त्याच काळातल्या इटलीकडे पाहणे उपयोगी ठरते. जिओ पोंती किंवा फ्रांको अल्बिनी यांच्यासारख्या इटालियन आधुनिक वास्तुविशारदांना खुर्ची आणि इमारत ही दोन वेगळी क्षेत्रे वाटत नव्हती. मिलानमध्ये पिरेली मनोरा उभा राहत असतानाच, 1957 मध्ये, पोंती यांची जेमतेम पावणेदोन किलोंची सुपरलेजेरा खुर्ची कासिना कंपनीने बाजारात आणली. त्यांच्या पाठीशी कसबी सुतारांची परंपरा होती, फर्निचरचे कारखाने होते, विकत घेणारा मध्यमवर्ग होता. नव्या भारतातल्या वास्तुविशारदाला यातले फारसे काही उपलब्ध नव्हते. त्याला गिऱ्हाईक मिळाले ते सरकार, आणि सरकारला हव्या होत्या प्रयोगशाळा. मुंबईच्या जे. जे. मधून 1942 मध्ये बाहेर पडलेल्या कानविंदे यांना सरकारने हार्वर्डला पाठवले. तिथे वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून ते 1947 मध्ये परतले आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. प्रयोगशाळेत पाणी, वायू, वीज आणि दूषित हवा यांच्या वाटा आधी ठरवाव्या लागतात, आणि आज बसवलेली यंत्रे उद्या बदलणार हे गृहीत धरावे लागते. वस्तूच्या वापरापासून तिच्या रूपाकडे जाण्याची जी शिस्त पोंतींना खुर्चीने लावली, ती कानविंदे यांना प्रयोगशाळेने लावली.

ही शिस्त त्या वेळच्या दिल्लीत सर्वमान्य नव्हती. 1950 च्या दशकात राजधानीत सरकारी इमारतींनी 'भारतीय' दिसावे असा मोठा आग्रह होता. विज्ञान भवनाच्या प्रवेशद्वाराला चैत्याची कमान मिळाली, अशोक हॉटेलवर छत्र्या आणि जाळ्या आल्या. सर्वोच्च न्यायालयाची 1958 मध्ये खुली झालेली घुमट असलेली इमारत गणेश भिकाजी देवळालीकर या दुसऱ्या मराठी वास्तुविशारदाची. लुटियन्सच्या दिल्लीशी नाते सांगणे हा देवळालीकरांचा जाणीवपूर्वक निर्णय होता आणि न्यायालयाच्या भारदस्तपणाला तो साजेसाही आहे. कानविंदे यांचा प्रश्न वेगळा होता. मार्च 1959 मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद घेतला, पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले आणि त्याचे संपादित वृत्त कानविंदे यांच्या हातून तयार झाले. भारतीयता घुमटातून येते की इथले हवामान, इथली साधने आणि इथले मजूर यांच्याशी प्रामाणिक राहण्यातून येते, हा त्या काळच्या वादाचा गाभा होता. कानविंदे दुसऱ्या बाजूला ठामपणे उभे राहिले.

त्या भूमिकेचा पुरावा त्याच सुमारास कानपूरला उभा राहू लागला. शौकत राय यांच्याबरोबर 1955 मध्ये त्यांनी दिल्लीत स्वतःचे कार्यालय काढले होते. तिथेच कानपूरच्या आयआयटीचे आराखडे झाले. संस्थेचे पहिले संचालकही मराठीच, पु. का. केळकर. या संकुलात वाहनांना बाहेरच्या बाजूला ठेवून मधला भाग चालणाऱ्यांना दिला. वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय छताखालून जाणाऱ्या उंच वाटांनी जोडले. सलोह काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात भरलेली उघडी वीट, एवढ्याच सामग्रीत सगळे बसवले. एकदा खांबांचे अंतर आणि जोडण्याची रीत ठरली की तेच शटरिंग पुन्हा वापरता येते आणि स्थानिक गवंड्याला काम समजते. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत तर वायुवीजनाचे उंच धुराडेवजा मनोरेच इमारतीचा चेहरा झाले. दुर्मीळ कारागीर आणि महागडी सामग्री यांच्याशिवाय उत्तम वास्तू घडवता येते, हे गरीब देशाला दाखवून देणे ही माझ्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी कामगिरी आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हे सारे ग्रोपियसकडून आणलेले उसने भांडवल, आणि उत्तर भारताच्या उन्हात काँक्रीट तापते, पावसाळ्यात गळते, काही वर्षांत काळवंडते. यातले शेवटचे खरे आहे आणि ते नाकारून चालणार नाही. पण डागडुजीविना चुन्याची भिंतही टिकत नाही. सरकारी संस्था इमारत बांधायला निधी देतात आणि राखायला देत नाहीत, हा दोष वास्तुविशारदाच्या खात्यावर टाकणे न्यायाचे नाही. उसनेपणाबद्दल म्हणायचे तर अहमदाबादच्या अटिरा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची त्यांनीच 1950 च्या दशकात उभारलेली पांढरी, आडवी इमारत पाहावी आणि मग कानपूर पाहावे. पहिलीत हार्वर्ड स्पष्ट दिसते. दुसरीत चौक, सावली आणि विटेची भिंत आली आहे. दहा वर्षांत त्यांनी शिकवणुकीतली पद्धत ठेवली आणि रूप बदलले. नक्कल करणाऱ्याला हे साधत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिल्लीत ईस्ट ऑफ कैलासच्या टेकडीवर 1998 मध्ये खुले झालेले इस्कॉनचे मंदिर कानविंदे यांचेच आहे, आणि त्याला शिखरे आहेत. चाळीस वर्षे ज्याला विरोध केला तेच अखेरीस स्वीकारले का? मला तसे वाटत नाही. न्यायालयाला किंवा हॉटेलला घुमट लागत नाही, पण मंदिराला शिखर लागते, कारण भक्ताच्या मनात मंदिराची ओळख शिखराशी बांधलेली असते. वापर करणाऱ्यापासून सुरुवात करायची, हे तत्त्व इथेही मोडलेले नाही. त्याच दशकात, 1992 मध्ये, प्रगती मैदानालगत खुल्या झालेल्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात प्रेक्षक सरकत्या जिन्याने वर जातो आणि दालने पाहत पाहत खाली उतरतो. शिखर असो वा सरकता जिना, माणूस आत कसा फिरेल हा विचार दोन्हीकडे पहिला आहे.

हा मागोवा आज घेण्याला तातडीचे कारण आहे. विज्ञान केंद्राच्या शेजारचे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह, राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांचे काम एप्रिल 2017 मध्ये पाडले गेले. साठ वर्षे न झालेली इमारत वारशाच्या यादीत बसत नाही, अशी भूमिका त्या वेळी पुढे आली. वयाचा हा निकष प्रजासत्ताकाच्या पहिल्या पिढीने बांधलेल्या अनेक गोष्टींना उघड्यावर टाकतो. कानविंदे यांच्या इमारतींना तर दुहेरी धोका आहे, कारण त्या नेत्रदीपक नाहीत आणि म्हणून त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरणारेही थोडे. पण त्या बदल सोसण्यासाठीच रचल्या होत्या. त्यांच्यात नवी यंत्रणा बसवता येते, भिंत हलवता येते, वापर बदलता येतो. पाडून नवे बांधण्याआधी संस्थांनी त्यांचे मूळ नकाशे उघडून पाहावेत. वयाऐवजी रचनेतला विचार आणि उरलेली उपयुक्तता यांवर वारसा ठरवला, तर कानविंदे यांच्या कामाला न्याय मिळेल आणि सार्वजनिक पैसाही वाचेल.