डॉगवूडचा रानातला भाऊबंद

अमेरिकेतल्या वसंताची छायाचित्रं पाहून आपल्याकडच्या बागप्रेमींना डॉगवूडचा मोह पडतो. जालन्याच्या उन्हापुढे त्या थंड मुलखातल्या झाडाचा निभाव लागायचा नाही. पण त्याच्याच कुळातलं अंकोल मराठवाड्यातल्या पानगळीच्या रानात पूर्वापार आहे. त्याचं कूळ एकेकाळी वेगळं मानत. फुलझाडांच्या २००९ च्या एपीजी वर्गीकरणाने ते डॉगवूडच्या कॉर्नेसी कुळात घातलं.

भोकरदन, जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगा उतरतात. तिथल्या ओढ्याकाठी, झुडपी रानात फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान शोधायला निघावं. पानं झडलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर पांढऱ्या, सुवासिक फुलांचे झुबके येतात. पाकळ्या अरुंद, उमलल्यावर पार मागे वळलेल्या; मधे पुंकेसरांचा गुच्छ. डॉगवूडच्या ज्या 'पाकळ्यां'वर जग भाळतं, ती खरं तर फुलांभोवतीची रंगलेली पानं! अंकोलाच्या पाकळ्या अस्सल आहेत.

घोटाळा होतो तो गेळाशी. गेळाची पानं आणि काटे समोरासमोर, फूल शिळं झालं की पिवळं, फळही पिवळंच. अंकोलाची पानं एकाआड एक. काटे म्हणजे टोकदार झालेल्या आखूड फांद्या. फळ पिकल्यावर जांभळट काळं.

अंकोलाचं गळलेलं बी परत झाडाला जाऊन चिकटतं, अशी जुनी समजूत आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'शिवानंदलहरी'त भक्ताच्या ओढीला हाच दाखला दिलाय. रोपं करणाऱ्याने मात्र ते झाडाखालूनच वेचावं, आणि ताजं असतानाच लावावं. गर चोळून धुवायचा, बी सावलीत कोरडं करून लगेच पिशवीत टोचायचं. सगळी एकदम उगवतील ही अपेक्षा नको. रोप पुढच्या पावसाळ्यात जमिनीत जातं.

जालना जिल्ह्यात पाऊस साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर. तेवढ्यावर मोठं झाड निभावतं, पण पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं, आळ्यात पालापाचोळा घालावा. जागा मुरमाड, निचऱ्याची हवी. पाणी धरणाऱ्या काळ्या रानापेक्षा बांध बरा. वाढ सावकाश होते. रस्तोरस्ती मादागास्करचा गुलमोहर लागतो, त्यामागे झटपट वाढणारं झाड हवं ही घाईच असावी.

मुळाच्या सालीला पारंपरिक औषधांत मान आहे, पण तिच्यात वांती घडवणारी अल्कलॉइडं असतात. घरगुती प्रयोग करूच नयेत. पिकल्या फळाचा गोडसर गर मात्र रानातली पोरं खुशाल खातात.