आधी एक दिवा, मग फॅशन

छायाचित्रण शिकणारा विद्यार्थी स्टुडिओत प्रथम शिरतो, तेव्हा चारही दिवे लावण्याचा मोह त्याला आवरत नाही. परिणाम ठरलेला: चेहरा उजळ, पण सपाट, नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या. म्हणूनच जाणते शिक्षक प्रारंभी त्याच्या हाती एकच दिवा देतात.

या एका दिव्यात शिकण्यासारखे बरेच असते. उघडा दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवरून दोन मीटरवर नेला, की प्रकाश निम्मा नव्हे, तर एक चतुर्थांश उरतो. सॉफ्टबॉक्स जवळ आणला, की सावलीची कड विरघळते. दूर नेला, की तीच कड धारदार होते. दिवा बाजूला आणि किंचित वर सरकवल्यास सावलीतल्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटतो. हीच ‘रेम्ब्राँ’ प्रकाशरचना.

फॅशन-व्यक्तिचित्रात पेच वाढतो. खादीचा पोत दिसण्यासाठी तिरपा प्रकाश हवा. पण तोच त्वचेवरचा प्रत्येक व्रण उठावदार करतो. पैठणीची जर थेट प्रकाशात पांढरी पडते. कापडाला झुकते माप द्यावे की चेहऱ्याला, हे लाइट मीटर सांगत नाही. अनेक विद्यार्थी हा निर्णय संगणकावर ढकलतात. पण न पडलेली सावली तेथे निर्माण करणे अवघडच.

अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी १९४८ मध्ये पेरू देशात ‘व्होग’साठी फॅशनचे काम केले. त्यानंतर कुस्को येथे एका स्थानिक छायाचित्रकाराचा स्टुडिओ भाड्याने घेऊन त्यांनी तेथील रहिवाशांना केवळ दिवसाच्या उजेडात टिपले. त्या चित्रांत लोकरी वस्त्रांची वीणही दिसते आणि माणसांची नजरही.