मेल आली, कागद निघाला

चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावातलं झेरॉक्सचं दुकान डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाईक सातबाऱ्याची पीडीएफ मेल करतं. दुकानदार हातातलं काम टाकून ती उघडतो, छापतो. हे काम संगणक एकटाही करू शकतो. एक छोटा प्रोग्राम मेलपेटीवर नजर ठेवतो, फाइल उतरवतो, प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलतो आणि नेटवर्कवरून, बहुधा 9100 क्रमांकाच्या पोर्टवर, धाडतो.

प्रिंटरचा आयपी पत्ता मात्र राउटरमध्ये कायमचा बांधून टाका. नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलू शकतो आणि छपाई अडते. इंटरनेटवरून छपाई करून देणारी गूगलची क्लाउड प्रिंट सेवा 2020च्या अखेरीस बंद झाली; म्हणून दुकानातल्याच संगणकावरची ही व्यवस्था मला जास्त भरवशाची वाटते. छपाईसाठी वेगळा मेल पत्ता ठेवा. छापून झालेली फाइल लगेच पुसा. तीत लोकांचे आधार क्रमांक असू शकतात.