एका वेळी एकच गोळी. रायफलीत काडतुसाच्या कडेचं काम काय?

नाशिक : ज्या शहरात स्वप्नील कुसाळेने नेमबाजीचे धडे गिरवले, तिथे हा प्रश्न हमखास येतो. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य त्याला मिळवून देणाऱ्या रायफलीत गोळ्या भरतात कशा?

या प्रकारात प्रत्येक गोळी हातानेच भरायची. बोल्ट मागे ओढला की चेंबर उघडतं. पॉइंट टू-टू काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. त्या कडेमुळे काडतूस चेंबरच्या तोंडाशी अडतं, आत घसरत नाही. बोल्ट पुढे ढकलून हँडल खाली दाबलं की मागचं दार बंद. दारू पेटवणारा मसालाही या कडेच्या पोकळीतच असतो, म्हणून फायरिंग पिन मध्यावर नाही, कडेवर आदळते. बार झाल्यावर रिकामं टरफल बाहेर ओढणारा आकडाही कडेलाच धरतो.

मॅगझिनच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीत मात्र हीच कड डोकेदुखी. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की अडकलंच! एकेक भरताना ती भानगड नाही.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर बोल्ट लगेच उघडू नका. मसाला कधीकधी उशिरा पेटतो. नळी निशाण्याकडेच ठेवून रेंजवरच्या प्रशिक्षकांना हाक मारा.