विहाराच्या दारावरील यक्ष

अंजनगाव सुर्जी हे गाव ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे इतिहासात नमूद आहे. त्यापूर्वी पंधराच दिवस इंग्रजांनी उत्तरेकडील गाविलगड जिंकला होता. या गडाच्या दरवाजावर गंडभेरुंड, म्हणजे दोन मस्तकांचा पक्षी, कोरलेला आहे. गडाच्या दारावरील अशी आकृती येणाऱ्यास सत्तेचे बळ सांगते.

विहारांच्या दर्शनी भागावरही द्वारपाल, नाग, हत्ती व यक्ष आढळतात. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या समाजातील उपासक विचारतात, ‘देवदेवता नाकारणाऱ्या धम्माच्या दारी हे यक्ष कशासाठी?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पालि वाङ्मयातच मिळते.

दीघनिकायातील आटानाटिय सुत्तात वेस्सवण भगवंतांना सांगतो, की बहुतेक यक्खांची आपल्यावर श्रद्धा नाही. कारण आपण हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासून दूर राहण्यास सांगता आणि ते त्यांना रुचत नाही. सुत्तनिपातातील आळवक यक्ख भगवंतांना तीनदा बाहेर जा, आत ये म्हणून फर्मावतो. चौथ्यांदा भगवंत जाण्यास नकार देतात. मग तो प्रश्न विचारतो, उत्तरे ऐकतो आणि शरण येतो. तात्पर्य, यक्ख हा पूज्य नव्हे. शील ज्याला जड जाते, पण जो उपदेशाने बदलू शकतो, असा तो आहे.

शिल्पकारांनी त्याला दिलेली जागाही हेच सांगते. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांत, इसवी सनापूर्वीच्या काळात, विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली गेली व दाराशी सशस्त्र द्वारपाल उभे केले गेले. तेथेच सापडलेला ठेंगणा यक्ष डोक्यावर पात्र पेलून हसतमुख उभा आहे. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्यातही यक्ष व नागराज बाहेर आहेत. आत स्तूप आहे. वंदना आतल्याला, पहारा व सेवा बाहेरच्यांकडे, असा हा क्रम आहे.

पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर एक लहानसा प्राकृत लेख आहे : ही मूर्ती कण्हदास नावाच्या ‘हिरंमकारा’ने केली. पालि ‘हिरञ्ञ’ म्हणजे सोने. अर्थात कर्ता सोनार होता. कोणा राजाचे नव्हे, तर हाताने काम करणाऱ्याचे नाव तेथे टिकले, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

अशा मूर्तींना शेंदूर फासणे हा त्यांच्या अर्थाचा विपर्यास होय. त्या परक्या समजून नाकारणे हाही विपर्यासच. आज वऱ्हाडात नवी विहारे उभी राहत आहेत. त्यांच्या दर्शनी भागावर काय कोरावे हे ठरविताना केवळ शोभेचा विचार पुरेसा नाही. कोण बाहेर, कोण आत आणि का, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. आणि घडविणाऱ्या कारागिराचे नाव कोरण्यासही तेथे जागा असावी.