सप्तरंगी तांगारा

पक्ष्यांच्या अंगावरील रंग मोजून त्यांना नावे देण्याची हौस माणसाला सर्वत्रच दिसते. पावसाळ्याच्या आरंभी कोकणातील वनराईत येणाऱ्या एका देखण्या पक्ष्याला आपल्याकडे ‘नवरंग’ म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशातही असाच एक पक्षी आहे. त्याचे नाव सप्तरंगी तांगारा. ‘तांगारा’ हा शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतला. त्या देशात आता पोर्तुगीज भाषा बोलली जाते आणि त्या भाषेत या पक्ष्याला ‘खरा चित्रकार’ अशा अर्थाचे नाव आहे.

ब्राझीलच्या ईशान्य भागात अटलांटिक महासागराला लागून दाट जंगलाचा एक चिंचोळा पट्टा होता. समुद्रावरून येणारे वारे तेथे भरपूर पाऊस आणीत. पेर्नांबुको, आलागोआस आणि त्यांच्या शेजारच्या प्रांतांतील हा पट्टा म्हणजेच तांगाऱ्याचे घर. पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याही रानात तो आढळत नाही. आपल्या परिचयाचे काजूचे झाडही मूळचे ब्राझीलच्या ईशान्य भागातलेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले.

हा पक्षी आकाराने चिमणीहूनही थोडा लहान असतो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी जेमतेम १३ ते १४ सेंटिमीटर भरते; परंतु एवढ्याशा देहावर निसर्गाने रंगांची लयलूट केली आहे. डोके आणि मान हिरवट निळी, चोचीभोवती आणि गळ्यावर मखमली काळा रंग, छाती आकाशी, तर पोट गर्द निळे. पंखांवर निळ्या-जांभळ्या छटा आणि नारिंगी कडा. तो उडाला म्हणजे पाठीचा खालचा भाग पेटत्या निखाऱ्यासारखा नारिंगी चमकतो. मादीचे रंग नराहून किंचित फिके असतात. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गणात तांगाऱ्याची गणना होत असली, तरी त्याचा आवाज बारीक आणि साधा आहे. त्याची ख्याती आहे ती रंगांमुळेच.

हे रंग येतात तरी कोठून? नारिंगी आणि पिवळा रंग पक्ष्याला आहारातून मिळतो. फळांमध्ये असलेली रंगद्रव्ये पोटात जातात आणि नवीन पिसे फुटताना त्यांत उतरतात. निळ्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. निळ्या पिसात निळे रंगद्रव्य मुळीच नसते. पिसाच्या आत स्पंजासारखी अतिसूक्ष्म पोकळ्यांची रचना असते. तिच्यावर प्रकाश पडला म्हणजे त्यातील निळे किरण तेवढे आपल्या डोळ्यांकडे परत येतात. असे पीस कुटून त्याची पूड केली, तर निळा रंग नाहीसा होतो! मोरपिसाचा निळा रंगही असाच, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून निर्माण होतो. मात्र त्याची रचना निराळी असते.

तांगाऱ्याच्या कुळातील पक्ष्यांविषयीची आणखी एक नवलाची गोष्ट २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघडकीस आली. या पक्ष्यांच्या तांबड्या-पिवळ्या पिसांखाली पांढऱ्या रंगाचा आणि निळ्या पिसांखाली काळ्या रंगाचा एक थर दडलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही. परंतु त्याच्यामुळे वरचा रंग अधिक खुलतो. कुशल चित्रकार कागदावर किंवा भिंतीवर आधी अस्तराचा हात देतो आणि मग रंग भरतो, तसाच हा प्रकार. ‘खरा चित्रकार’ हे नाव ज्यांनी ठेवले, त्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती; तरीही नाव मात्र अगदी अन्वर्थक ठरले!

तांगाऱ्याचे मुख्य अन्न लहान लहान फळे. त्यांच्या जोडीला तो कीटकही टिपतो. त्या रानात मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर अननसाच्या कुळातील झुडपे वाढतात. ती वृक्षाचा रस शोषीत नाहीत, केवळ त्याच्या आधाराने राहतात. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साठते व तेथे किडे येतात. या झुडपांत तांगारा खाद्य शोधतो आणि घरटेही बांधतो. फळे खाऊन तो दुसरीकडे जातो, तेव्हा विष्ठेवाटे पडणाऱ्या बिया नव्या जागी रुजतात. अशा रीतीने रान त्याला अन्न, आसरा आणि रंग देते आणि तो रानाची पेरणी करतो.

ही देवघेव मोडली ती माणसाने. इ. स. १५०० मध्ये पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरले आणि थोड्याच काळात त्यांनी तेथे उसाची लागवड सुरू केली. शेतासाठी जंगल तुटले, गुऱ्हाळांच्या भट्ट्यांसाठी लाकूड जळाले. १९७५ साली ब्राझील सरकारने उसापासून मोटारीचे इंधन बनविण्याची मोठी योजना आखली. तेव्हा उसाचे क्षेत्र आणखी पसरले. आज त्या अखंड रानाची उसाच्या मळ्यांत विखुरलेली बेटे तेवढी राहिली आहेत.

त्यातच सौंदर्य हेच तांगाऱ्याला शाप ठरले. शोभेसाठी घरात पाळण्याकरिता त्याला पकडून विकण्याचा धंदा वाढला. १९६७ साली ब्राझीलने वन्य प्राणी धरून विकण्यास कायद्याने बंदी केली; तथापि चोरटा व्यापार पूर्णपणे थांबलेला नाही. ज्या रंगांसाठी पक्ष्याला कोंडावे, त्यांतील नारिंगी रंग योग्य आहाराअभावी पिंजऱ्यात फिका पडू लागतो!

परंतु केवळ पिंजरा उघडून भागणार नाही. आलागोआस प्रांतातील मुरिसीच्या रानात १९७९ साली पानांतून किडे वेचणारा एक तांबूस तपकिरी पक्षी प्रथमच शास्त्रज्ञांना आढळला. तो दिसायला साधा. त्याला पिंजऱ्यासाठी कोणी धरीत नसे. तरीही रान आकसत गेले, तसा तो विरळ होत गेला. २०११ नंतर तो कोणाच्याच दृष्टीस पडला नाही आणि २०१९ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. मुरिसीचे रान २००१ साली संरक्षित झाले होते. पण या पक्ष्यासाठी तोवर फार उशीर झाला होता.

सप्तरंगी तांगारा अजून आहे. तो संकटात असलेल्या पक्ष्यांत गणला जातो. तरी रानाच्या उरलेल्या तुकड्यांत त्याचे लहान लहान थवे फळे शोधीत फिरताना दिसतात. कायदा माणसाचा हात आवरू शकतो. परंतु तुटलेले रान पुन्हा जोडायचे तर त्याला बी लागते. ते बी वाहून नेणाऱ्यांमध्ये हा इवलासा चित्रकारही आहे.