समुद्राला हाक मारून काढलेला नकाशा

ए दोस्ता, जरा जवळ ये. एक गंमत सांगते!

डोळे मीट. आता नुसती हाक मारून सांग, समोरची भिंत किती लांब आहे! हसू आलं ना? पण समुद्राच्या तळाचा नकाशा असाच काढतात. न बघता. ऐकून!

बघून का नाही? अंघोळीच्या बादलीचा तळ दिसतो. विहिरीचा दिसतो का? पाणी उजेड पिऊन टाकतं! दोनशे मीटर खाली तर भर दुपारीही जवळजवळ काळोख.

मग जहाजाच्या पोटाखालून आवाज सोडतात. टिक! तो तळाला आपटतो आणि चेंडूसारखा टप्पा खाऊन वर येतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर पळतो. हवेतल्यापेक्षा चौपट जोरात!

समज, तो ४ सेकंदांनी परत आला. पाणी किती खोल? ६,००० मीटर? फसगत झाली! ४ सेकंद जाऊन-येऊन लागले. नुसतं जायला २. म्हणजे ३,००० मीटर! (गुणाकाराच्या तासाला झोपू नये, ते यासाठी.)

आता ओळख बघू, आपल्या देशाचे समुद्राचे नकाशे कुठे तयार होतात? मुंबईत? चुकलं! गोव्यात? तेही नाही! देहरादूनला! चक्क डोंगरांच्या कुशीत! नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय तिथे आहे. तिथून समुद्र हजारभर किलोमीटर लांब. मला तर हे कळलं तेव्हा दिवसभर हसू येत होतं.

बरं, आता विजयदुर्गाच्या तटावर चढ आणि पश्चिमेकडे तोंड कर. समोर साधारण १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, एक अख्खं पठार बुडालेलं आहे! नाव आंग्रिया बँक. छे, इथे पासबुक मिळत नाही! बँक म्हणजे समुद्रातला उंचवटा. आणि आंग्रिया म्हणजे? आपले सरखेल कान्होजी आंग्रे! दर्यावर दरारा असलेल्या माणसाचं नाव दर्याच्या पोटातही जाऊन बसलंय.

आजूबाजूला खोल पाणी, पण या पठाराचा माथा काही ठिकाणी जेमतेम २०-२५ मीटरवर. सात-आठ मजली इमारतीएवढं खाली. तिथवर ऊन पोचतं. आणि ऊन पोचतं म्हणून तिथे राहतात प्रवाळ!

आजीच्या माळेतलं लाल पोवळं पाहिलंयस? त्याचेच हे भाऊबंद. दगड वाटतात. झाडं वाटतात. पण असतात प्राणी! इवलेइवले, एकमेकांना चिकटून बसलेले, जणू मोठी चाळच. प्रत्येकाच्या अंगात आणखी बारीक शेवाळ भाड्यानं राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि घरमालकाला देतं. भाडं म्हणून खाऊ! मला नाही कुणी असं भाडं देत.

पण तिथे कोण कोण राहतं, हे नुसत्या आवाजाला नीट कळत नाही. आवाज सांगतो, इथे खोल, इथे उंच, इथे खडक, इथे चिखल. दारावरच्या पाट्या वाचायला पाणबुड्यांनाच खाली जावं लागतं. ते तळावर एक चौकट ठेवतात. ठिकरीच्या घरासारखी! तिच्यात जे येईल त्याचा फोटो काढायचा, मोजायचं, लिहायचं. पाण्याखाली कशानं लिहीत असतील? साध्या शिसपेन्सिलीनं! नेहमीचं पेन तिथे कामाचं नाही, तुझ्या दप्तरातली पेन्सिल मात्र प्लॅस्टिकच्या पाटीवर मजेत चालते.

एवढी खटपट कशाला? काही प्रवाळ वर्षभरात जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. तुझ्या तीस सेंटीमीटरच्या पट्टीएवढं व्हायला तीस वर्षं! आणि वरून बोटीचा जड नांगर पडला की? खळ्ळ! एका क्षणात चुरा. नांगर टाकणाऱ्याला खालचं काही दिसत नाही. त्याला नकाशाच सांगणार, बाबा, इथे नको.

मालवणला अशी जागा राखून ठेवली आहे. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य झाला. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याला जाणारी होडी त्याच पाण्यातून जाते! तिथे कुंपण शोधू नकोस हं. पाण्यात खांब कुठे रोवणार आणि तार कुठे ओढणार? हद्दीची रेघ असते फक्त नकाशावर, आणि तिच्यावरून मासे खुशाल ये-जा करत असतात.